वाटीचें वजन

आपल्या स्वयंपाकघरांत मोजण्याचीं साधनें कोणतीं, असें कोणी विचारलें तर बहुतेक गृहिणी वाटी, चमचा, मूठ आणि चिमूट हीं चार नांवें सांगतील, आणि थोडें थांबून पांचवें सांगतील, "अंदाज". या पांचांच्या जोरावर आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या उत्तम स्वयंपाक होत आला आहे. तेव्हां त्यांस नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत बॅटरीवर चालणारा लहानसा वजनकांटा घराघरांतून दिसूं लागला. मुलेंमुली ज्या देशांत जाऊन राहिलीं आहेत त्यांपैकीं पुष्कळ देशांत पाककृति ग्रॅममध्यें लिहिलेल्या असतात. डॉक्टर पथ्य सांगतात तें देखील ग्रॅममध्येंच. त्यामुळें "एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?" हा प्रश्न आतां रोजचा झाला आहे. त्याचें उत्तर मी आज देणार आहें. मात्र तें एका आंकड्याचें उत्तर नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. माझी एक पुतणी जर्मनींत असते. तिकडे पदार्थ तोलून करण्याची रूढि असल्यामुळें तिच्या ओट्यावर कांटा आहे, वाटी नाहीं. दोन वर्षांपूर्वीं गणेशचतुर्थीस तिनें उकडीचे मोदक करावयास घेतले. आईनें दूरध्वनीवर कृति सांगितली होती ती अशी, "पिठी आणि पाणी सारखें घे, आणि खोबरें गुळाच्या दुप्पट." पुतणीनें २५० ग्रॅम तांदळाची पिठी आणि २५० ग्रॅम पाणी अगदीं चोख तोलून घेतलें. उकड कोरडी झाली, पाऱ्या कडेला चिरल्या आणि उकडतांना निम्मे मोदक फुटले. आईचें म्हणणें, मुलीचा हात अजून बसला नाहीं. मुलीचें म्हणणें, आई कांहीं तरी सांगावयाचें विसरली. दोघींचें चार दिवस बोलणें तुटक झालें. माझ्या मतें दोघींचाहि दोष नव्हता. "सारखें" हा शब्द वाटींतून तराजूंत जातांना वाटेंत बदलला होता, आणि तो बदललेला कोणाच्याच ध्यानांत आला नव्हता.

याचें कारण आपण सर्वांनीं शाळेंत शिकलेल्या एका गोष्टींत आहे. वाटी जागा मोजते, कांटा द्रव्य मोजतो. पाण्याच्या बाबतींत हीं दोन्ही मापें मुद्दाम जुळविलेलीं आहेत. एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. २०० मिलिलिटरची वाटी पाण्यानें भरली कीं २०० ग्रॅम झालें. त्याच वाटींत दूध २०६ ग्रॅमच्या आसपास भरतें, तेल १८४, पातळ केलेलें तूप १८०. येथपर्यंत सारें सरळ आहे, कारण पातळ पदार्थ वाटीचा कोपरान् कोपरा भरून काढतो. तांदळाची गोष्ट निराळी. तांदळाचा दाणा पाण्यांत टाकला तर बुडतो, अर्थात् तो पाण्याहून जड आहे. आणि तरीहि तांदळानें भरलेली वाटी पाण्यानें भरलेल्या वाटीहून हलकी, २०० च्या जागीं सुमारें १६० ग्रॅम! हें कोडें मी वर्गांत मुलांस घालीत असें, आणि उत्तर तोंडानें न सांगतां करून दाखवीत असें. तांदळानें काठोकाठ भरलेल्या वाटींत हळूहळू पाणी ओतावें. एकहि दाणा बाहेर न पडतां पाणी आंत शिरत जातें, आणि पाहतां पाहतां वाटीच्या चार-दशांशाहून अधिक पाणी तींत मावतें. तेवढी जागा हवेनें अडविलेली होती! आपण वाटीभर तांदूळ घेतों तेव्हां अर्ध्या वाटीहून थोडेसेच अधिक तांदूळ घेतों, बाकी हवा.

पिठांत तर हा हवेचा वाटा दोन-तृतीयांशांपर्यंत जातो. शिवाय तो स्थिर नसतो. पीठ चाळलें कीं हवा वाढते, डबा शेल्फावर चार दिवस राहिला कीं पीठ बसतें, वाटी टेबलावर दोनदां आपटली कीं आणखी बसतें. म्हणून दुधातेलाचा आंकडा छापील कोष्टकांतून डोळे मिटून उचलावा. पिठाचा उचलूं नये.

हवेचा हा व्यवहार आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. "मापांत पाप" ही म्हण कांहीं उगाच पडली नाहीं. धान्य मापून विकलें जात होतें त्या काळीं माप शिगोशीग भरावयाचें कीं सपाट, भरतांना हलवावयाचें कीं नाहीं, यावर बाजारांत रोज वाद होत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धान्याचें माप सुक्या आणि टणक लांकडाचें असावें, आणि वरची शीग एकंदर मापाच्या चौथाईइतकी बसेल असें तें करावें, असा नियम आहे. म्हणजे शीग किती असावी हें देखील दुकानदाराच्या मर्जीवर सोडलेलें नव्हतें. आपल्याकडे दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण आणि वीस मणांची खंडी हें कोष्टक जुन्या पिढीस तोंडपाठ असे. गांव बदललें कीं पायलीहि बदले, हा भाग निराळा.

यांतला शेर विशेष लबाड. तो मापाचाहि होता आणि वजनाचाहि. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबानें ९३३ ग्रॅम. मापी शेरांत किती वजन बसे, तें आंत तांदूळ आहे कीं बाजरी, कीं चुरमुरे, यावर ठरे. १९५६ चा वजनेंमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें बाजारांत आलीं, आणि हळूहळू धान्य सर्वत्र तोलूनच विकलें जाऊं लागलें. बाजार असा मापाकडून वजनाकडे गेला. स्वयंपाकघर मात्र मापावरच राहिलें. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं आजीच्या हातची पाककृतींची वही असेल त्यांनीं ती वाचतांना हें ध्यानांत ठेवावें. तींत "खवा पावशेर" असें असेल तर तो वजनी पावशेर. त्याचे २३३ ग्रॅम होतात, हल्लीं आपण पावशेर म्हणून घेतों ते २५० नव्हेत. नवटाक म्हणजे त्याच्या निम्मा, ११७ ग्रॅम. परंतु त्याच वहींत "तांदूळ पावशेर" असेल तर तें बहुधा चिपट्यानें मोजलेलें माप समजावें, आणि त्याचा उलगडा त्या पदार्थाच्या इतर जिनसांवरून करावा. चार ओळी वाचल्यावर लिहिणारी बाई कोणत्या शेरानें बोलत आहे हें बहुतेक वेळां कळतें.

असो. पुतणीच्या मोदकांकडे वळूं. त्या वर्षीं दिवाळीनंतर मी माझा कांटा पिशवींत घालून वहिनींकडे गेलों. वहिनींनीं सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या मोदकाच्या कळ्या नात्यागोत्यांत प्रसिद्ध. पण अलीकडे त्यांच्या उजव्या हातास कंप सुटूं लागला आहे, आणि त्या वर्षीं कळ्या मनासारख्या पडल्या नाहींत असें त्या स्वतःच बोलून गेल्या. हातांत आहे तोंवर हें सारें कागदावर यावें, अशी माझी इच्छा होती. वहिनींस ती बोलून दाखविली नाहीं; मी आपला "मोजण्याचा छंद" म्हणून बसलों.

त्यांची वाटी पितळेची, आंतून कल्हई केलेली. तींत पाणी १६० ग्रॅम मावलें. प्रथम मीं पिठी चाळून हलकेंच वाटींत पडूं दिली आणि वरून सपाट केली. भरली ९२ ग्रॅम. मग तीच वाटी ओट्यावर आपटून, पुन्हां भरून, पुन्हां आपटून पाहिली, भरली ११४. एकच वाटी, एकच पिठी, आणि २२ ग्रॅमांचा फरक! मग वहिनींस म्हटलें, "तुम्ही नेहमीं भरतां तशी भरा." त्यांनीं डब्यांत वाटी खुपसली, बोटानें काठ पुसला आणि माझ्यापुढें ठेवली. १०१ ग्रॅम. दुसऱ्यांदां ९९. तिसऱ्यांदां १०२. इतकीं वर्षें सराव झालेल्या हाताला कांटा कशास हवा, असें त्या क्षणीं मलाहि वाटलें.

यावरून हिशेब सोपा झाला. त्यांच्या "सारखें" या शब्दाचा अर्थ १०० ग्रॅम पिठीस १६० ग्रॅम पाणी असा होता. २५० ग्रॅम पिठीस ४०० ग्रॅम पाणी पाहिजे होतें. पुतणीच्या उकडींत तब्बल दीडशें ग्रॅम पाणी कमी पडलें होतें. मोदक फुटले नसते तरच नवल! खोबऱ्याची गंमत याहून मोठी. न दाबतां भरलेली खवलेल्या खोबऱ्याची वाटी ५६ ग्रॅम, म्हणजे दोन वाट्या ११२. चिरून जरासा दाबलेला गूळ एक वाटी ११८. मापानें जें गुळाच्या दुप्पट, तें वजनानें गुळाहून किंचित् कमीच!

मी आंकडे मांडीत असतां वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुमचें हें ठीक आहे, पण तांदूळ जुना असला तर पिठी पाणी जास्त ओढते. चार चमचे कढत पाणी बाजूला ठेवायला सांगा तिला." तीहि ओळ मीं कागदावर उतरली. गेल्या वर्षींच्या चतुर्थीस जर्मनींतले मोदक फुटले नाहींत. कळ्या वांकड्या आल्या होत्या. त्यास कांट्यापाशीं इलाज नाहीं.

आतां ज्यांस आपल्या घरच्या कृति वजनांत आणावयाच्या असतील त्यांच्यासाठीं रीत सांगतों. पेन्सिल हाताशीं असल्यास बरें. रिकामी वाटी कांट्यावर ठेवून शून्याचें बटण दाबावें, आणि वाटी पाण्यानें काठोकाठ भरावी. जो आंकडा येईल तो आपल्या वाटीचा मूळ आंकडा. बाजारांत १०० पासून २५० पर्यंत सर्व आकारांच्या वाट्या आहेत. तेव्हां दुसऱ्याच्या वाटीचा आंकडा आपल्या उपयोगाचा नाहीं. पुढचीं प्रमाणें या मूळ आंकड्याशीं लावावयाचीं. तांदूळ आणि बहुतेक डाळी त्याच्या शेंकडा ८० ते ८५ भरतात. साखर ८५. रवा ७०. कच्चे शेंगदाणे ६०. साबुदाणा ६५ च्या आसपास. कणीक ५० ते ५५, पिठीसाखर ५०, बेसन चाळलेलें असल्यास ४० आणि डब्यांतून तसेंच काढलें तर ५०. जाडे पोहे ४० च्या सुमारास, पातळ पोहे त्याहूनहि कमी. उलट बाजूस बारीक मीठ पाण्याहून जड, जवळजवळ सव्वापट. आणि मध सर्वांत जड, दीडपटीस जरासा कमी. थिजलेलें तूप मोजूं नये. त्यांत पोकळ्या राहतात आणि हिशेब चुकतो. तें पातळ करून शेंकडा ९० धरावें.

हे आंकडे म्हणजे केवळ वाट दाखविणारे खांब आहेत. पातळ पदार्थ, साखर आणि सडके धान्य यांच्या बाबतींत ते पुरेसे आहेत. पिठांच्या बाबतींत प्रत्येकीनें आपली वाटी आपल्या हातानें तीनदां भरून मधला आंकडा घ्यावा. घरांत जी व्यक्ति तो पदार्थ उत्तम करते तिनेंच ती भरावी, दुसऱ्यानें भरूं नये. आपणांस वाटीचें वजन नको आहे, त्या हाताचें हवें आहे.

या प्रमाणांवरून आणखी एक गोष्ट सहज उमगते. चकलीच्या भाजणीसारख्या कृतींत तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, असें प्रमाण असतें. तांदूळ आणि डाळी वाटींत जवळजवळ सारख्याच वजनाच्या भरत असल्यामुळें तेथें चार-दोन-एक हें प्रमाण वजनांतहि तसेंच राहतें. वाटी म्हणा कीं शंभर ग्रॅम म्हणा, बिघडत नाहीं. म्हणूनच पुष्कळांची अशी समजूत होऊन बसते कीं वाटीच्या जागीं १०० ग्रॅम लिहिलें कीं काम झालें. पण त्याच भाजणींत कोणी एक वाटी पोहे सांगितले कीं समजूत फसते. पोह्यांची वाटी तांदळाच्या वाटीच्या निम्मीच भरते. चार वाट्या तांदूळ आणि एक वाटी पोहे हें वजनानें चारास एक नसून आठास एक आहे. शंभराच्या हिशेबानें गेल्यास पोहे दुप्पट पडतील, आणि चकली बिघडली कीं दोष मात्र सोऱ्याला दिला जाईल.

सगळेंच वजनांत आणण्याच्या भरीस पडूं नये, असेंहि माझें मत आहे. घरगुती कांटा बहुधा एकेक ग्रॅमनें पुढें सरकतो. दोन ग्रॅम हळद किंवा चिमूटभर हिंग त्याजवर तोलणें म्हणजे बैलगाडीच्या कांट्यावर सोनें तोलणें. तेथें चमचाच बरा, फक्त तो सपाट असावा. पांच मिलिलिटरच्या सपाट चमच्यांत बारीक मीठ सुमारें ६ ग्रॅम आणि साखर ४ ग्रॅम मावते. शीग भरली कीं हाच आंकडा बराच वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाकांठीं ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ सांगितलें आहे, तें एका सपाट चमच्याहूनहि कमी झालें. रक्तदाबाच्या रोग्यास "चमचाभर" म्हणून सांगतांना चमचा कसा भरला याकडे लक्ष देणें अगत्याचें आहे. लोणच्याचें मीठ मात्र तोलावेंच. जुन्या कृतींत वाटी सांगितली असते ती जाड्या मिठाची. जाड्या मिठाची वाटी बारीक मिठाच्या वाटीपेक्षां बहुधा हलकी भरते. त्याच वाटीनें बारीक मीठ घेतलें तर लोणचें खारट होतें, आणि खारट झालें म्हणून पुढच्या वर्षीं अंदाजानें हात आंखडला कीं बुरशी येते. वजन एकदां ठरविलें कीं मीठ जाडें असो वा बारीक, हा घोळ राहत नाहीं.

पथ्याच्या बाबतींत आणखी एक खांचखळगा आहे. मधुमेह्यास "इतके ग्रॅम भात" सांगितला जातो, आणि घरीं प्रश्न पडतो, तांदूळ कीं भात? तांदूळ शिजून वजनानें सुमारें अडीच ते तीनपट होतो. ६० ग्रॅम तांदूळ आणि ६० ग्रॅम भात यांत एवढा फरक आहे कीं एकांत पोट भरेल आणि दुसऱ्यांत चार घांसहि होणार नाहींत. आंकडा कच्च्याचा कीं शिजलेल्याचा, हें डॉक्टरांस विचारून लिहून घ्यावें. अंदाजानें ठरवूं नये.

परदेशी पुस्तकांविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत फॅनी फार्मर या बाईंनीं १८९६ सालीं बोस्टनच्या पाकशाळेचें पुस्तक काढलें आणि कप व चमचे सपाट भरण्याचा आग्रह धरला; तेव्हांपासून तिकडचीं घरें कपावर चालतात. युरोपांत बहुतेक ठिकाणीं तराजू. आणि कप तरी एक आहे काय? अमेरिकन कप सुमारें २३७ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा २५०. मोठा चमचा इतरत्र १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियांत २० चा. भात शिजविण्याच्या विजेच्या भांड्याबरोबर जो लहान कप येतो तो बहुधा १८० मिलिलिटरचा असतो, कारण तो जपानी "गो" या जुन्या मापावरून घेतलेला आहे. त्या कपानें तांदूळ आणि घरच्या वाटीनें पाणी घेतलें तर भात बिघडणारच. भांड्याच्या आंतील रेघा त्याच कपाच्या हिशेबानें पाडलेल्या असतात, म्हणून तो कप हरवूं देऊं नये. हरवलाच तर १८० ग्रॅम पाणी तोलून दुसऱ्या भांड्यावर खूण करून घ्यावी.

माझी वेळ भरत आली. एक सोय सुचवितों आणि थांबतों. आपल्याकडे भांड्यावर नांव घालून घेण्याची चाल आहेच. पुढच्या खेपेस वाटी विकत घ्याल तेव्हां ती घरीं आणून पाण्यानें तोलावी, आणि दुकानांत परत नेऊन नांवाच्या खालीं तो आंकडाहि कोरून घ्यावा. कृति सांगतांना मग "एक वाटी" म्हणण्याऐवजीं "एकशें साठाची एक वाटी" असें म्हणतां येईल, आणि ऐकणारी मुलगी सातासमुद्रांपलीकडे असली तरी तिला तेवढ्यावरून पुढचा हिशेब करतां येईल.